पट्टेदार झुलींचं पहिलं धुणं

एका जंगलात एका सकाळी ओढ्याचं पाणी स्वच्छ राहिलं.

एवढंच झालं, बाळांनो. कोणी पडलं नाही, कोणी बुडालं नाही, आभाळ नेहमीसारखंच होतं. पाणी स्वच्छ होतं, तळाचे गोटे दिसत होते, आणि ते बघून कावरी नावाचं भेकर जिवाच्या आकांताने ओरडलं.

तुम्ही म्हणाल, पाणी स्वच्छ असेल तर बरंच की. तुमच्या शाळेच्या भिंतीवर तसंच लिहिलेलं असतं. पण त्या जंगलात ते बरं नव्हतं. का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. जवळ सरकून बसा. मीही सरकते. दार लावलंय ना? लावलंय. बरं.

तर त्या जंगलात सगळे जण अंगावर झुली घालत. साध्या, पांढऱ्या, सुती. थंडीत ऊब आणि उन्हात सावली, एवढंच त्यांचं काम. मग दूरच्या तळ्यावरून करकोचे सर व्याख्यान द्यायला आले. सर एका पायावर उभे राहून बोलत, त्यामुळे ते फार विचार करून बोलतात असं सगळ्यांना वाटे. विषय होता, 'वाघ आणि आपण'. सरांनी सांगितलं की वाघ वाघाला खात नाही. हे सगळ्यांना पटलं. मग सरांनी सांगितलं की म्हणूनच ज्याच्या अंगावर पट्टे, त्याला वाघाचं भय नाही. हेही पटलं. शेवटी शंका विचारायची वेळ आली तेव्हा कावरीने भीत भीत एक पाय वर केला आणि विचारलं, की हे वाघाला कोणी कळवलंय का. सर म्हणाले, प्रश्न चांगला आहे. मग नारळ घेऊन ते उडून गेले. त्यांना पंख होते.

दुसऱ्या दिवसापासून जंगलात घरोघरी पातेली चुलीवर चढली.

कृती ऐकायला सोपी होती. पळसाची फुलं भिजत घालायची, मग उकळायची आणि त्यात झूल बुडवायची. झूल केशरी झाली की वाळवायची. मग ती जागोजागी वेलींनी करकचून बांधायची, आणि हिरडा नि गंजका नाल घालून केलेल्या काळ्या पाण्यात पुन्हा बुडवायची. वेली सोडल्या की बांधलेल्या जागी केशरी राहतं, मोकळ्या जागी काळं होतं. झाले पट्टे.

निदान व्हायला हवे होते. सशीणबाईंनी वेली भलत्याच दिशेने बांधल्या, त्यांचे पट्टे लांबीला लांब उमटले आणि त्या खारीसारख्या दिसू लागल्या. रानडुकरीण मावशी झूल पातेल्यात टाकून ढवळायला विसरल्या, त्यांच्या पाठीवर पट्ट्यांऐवजी नकाशा आला. साळिंदरकाकूंच्या झुलीला काट्यांनी भोकं पडली. पण काकू महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. म्हणून त्या भोकांना जाळीकाम म्हणायचं ठरलं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांचीच चुकत होती. नव्या कापडाला खळ असते. ती आधी गरम पाण्यात धुऊन काढावी लागते, नाहीतर रंग कापडावर नुसता बसतो, आत शिरत नाही. कावरीने हे वाचलेलं होतं आणि तिने ते सांगूनही पाहिलं. पण खळ काढली की झूल लुळी पडते. लुळी झूल घालून हळदीकुंकवाला जायचं कसं? चारचौघींत झूल कशी ताठ उभी राहिली पाहिजे. तेव्हा खळ राहिली, आणि रंग जाऊ लागला.

यातूनच एक रिवाज पडला. नव्या झुलीचं पहिलं धुणं घरी करायचं नाही, सगळ्यांनी मिळून ओढ्यावर करायचं. एकीने झूल पाण्यात टाकली की पाणी केशरी व्हायचं, मग काळं व्हायचं, मग ज्याला नाव नाही अशा रंगाचं व्हायचं. जिचा रंग जास्त जाई तिला बाकीच्या जवळ घेत. काकू तिच्या पाठीवर हात ठेवून, म्हणजे काटे लागणार नाहीत इतक्या अंतरावरून, म्हणत, "पहिल्या धुण्यात जातोच गं." दुसऱ्या धुण्यातही जायचा. मग पुन्हा पळस, पुन्हा हिरडा. ओढ्याच्या खालच्या अंगाचे मासे केशरी झाले. पण सगळ्या खूश होत्या. पाणी रंगलं की कळायचं, ही आपली.

आता कावरीचं सांगते. भेकरांच्या घराण्याकडे जंगलाची राखण होती. धोका दिसला की भेकराने ओरडायचं, 'भॉक', आणि बाकीच्यांनी पळायचं. कावरी तर कॉलेजात जाऊन 'धोका: ओळख आणि उच्चार' हा विषय घेऊन पहिल्या वर्गात पास झाली होती. तिच्या पुस्तकात पहिल्याच पानावर होतं, पट्टे दिसताच ओरडावे. आता पट्टे कुठे नव्हते? ती सशीणबाईंना बघून ओरडली. मावशींच्या नकाशाला बघून ओरडली. एकदा पाणी प्यायला वाकली आणि स्वतःच्याच झुलीला बघून ओरडली. आधी सगळ्या पळत. मग नुसत्या उठून उभ्या राहत. मग बसल्या जागी मान वळवत. मग तेही बंद झालं. मंडळाच्या सभेत काकूंनी तिला गोड शब्दांत समजावलं, की बाळ, आधी खात्री करत जा, मग ओरडत जा, लोकांची धुणी खोळंबतात.

सगळं जंगल कंटाळलं तरी एक जण मात्र कावरीच्या हाकेला ओ द्यायची. तिची धाकटी बहीण अबोली. हे अगदी लहानपणापासूनचं होतं. मागे काहीतरी सळसळायचं, कावरी दचकायची, जागच्या जागी थिजायची आणि हाक मारायची, "अबोली". अबोली कुठेही असो, तिथून म्हणायची, "ओ. काही नाही गं, पान आहे." एवढं ऐकलं की कावरीचे उभे झालेले कान खाली यायचे आणि ती आवाजाच्या दिशेने चालत जायची. बहुतेक वेळा खरंच पान असायचं. कधी खार असायची. पण ओ आलेली असायची, आणि कावरीचं तेवढ्यावर भागायचं.

आता अबोलीचीही एक अडचण होती. तिला बघायला पलीकडच्या डोंगरावरचे येऊन गेले होते. मुलगा शिंगांनी चांगला होता. मुलाची आई अबोलीला खेटून बसली, गप्पा झाल्या, चहापाणी झालं. आई उठली तर तिच्या पांढऱ्याशुभ्र झुलीवर अबोलीचे पट्टे. कळवतो म्हणाले. कळवलं नाही. तेव्हापासून अबोलीला एकच ध्यास होता, न जाणारा रंग.

आणि मग ती सकाळ आली, स्वच्छ पाण्याची.

घळीत कोणी नव्या वहिनी राहायला आल्या होत्या. त्या पहिल्यांदाच ओढ्यावर आल्या. अंगाने उंचपुऱ्या. चालताना पाचोळाही वाजला नाही. आणि त्यांचे पट्टे, काय सांगू तुम्हाला. केशरी असं की पळसाने लाजावं. काळं असं की हिरड्याने गप्प बसावं. काठ कुठे पुसट नाही की कुठे ओघळ नाही. सगळ्यांचे हात धुता धुता थांबले. वहिनींनी झूल काढलीसुद्धा नाही. तशाच पाण्यात उतरल्या, गळ्यापर्यंत बसल्या आणि डोळे मिटले.

सगळ्या पाणी रंगायची वाट बघत होत्या. काकू तर 'पहिल्या धुण्यात' इथपर्यंत येऊन थांबल्या होत्या.

पाणी रंगलं नाही.

वहिनी बसून राहिल्या. पाणी त्यांच्या अंगावरून वाहत खाली आलं, जसं गेलं होतं तसंच. कावरी बघत होती. तिने खात्री करायचं ठरवलेलं होतं, म्हणून ती नीट बघत होती. झुलीला पोटाखाली गाठ नव्हती. शिवण नव्हती. पट्टे मानेवरून चेहऱ्यावर गेले होते, आणि मागून शेपटीच्या टोकापर्यंत.

कावरी ओरडली, "भॉक." कोणी मान वळवली नाही. मग तिचे पाय थिजले, आणि तिने हाक मारली, "अबोली."

अबोली शेजारीच काठावरच्या दगडावर रिठ्याच्या फेसात झूल घासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ओ. काही नाही गं, पान आहे."

वहिनींनी एक डोळा उघडला. हे काय म्हणालात, असं त्यांनी अबोलीला विचारलं. अबोली हसली. तिने सगळं सांगितलं. ताई जरा भित्री आहे, तिच्या हाकेला एवढं म्हटलं की तिची भीती जाते आणि ती आपणहून जवळ येते.

"इतकं सोपं?" वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी डोळा मिटला.

खिडकीत कोण हललं? पडदा आहे. बरं, पुढे सांगते.

काकूंना आता राहवेना. त्या पाण्याच्या कडेला गेल्या.

"वहिनी, रंगात घालता तरी काय?"

"काही नाही."

"मीठ?"

"नाही हो."

"तुरटी तरी घालत असाल."

"आमच्याकडे हे घरचंच आहे," वहिनी म्हणाल्या. "आईचंही असंच होतं. कधी गेलं नाही."

काकूंनी बाकीच्यांकडे बघितलं. त्यांच्या मते हे अगदी लोणच्यासारखं होतं. ज्यांचं टिकतं त्या कधी कृती सांगत नाहीत, म्हणे सासूबाई अंदाजाने घालायच्या. तेव्हा काकूंनी दुसरा मार्ग धरला. सांगायचं नसेल तर नका सांगू, पण एकदा करून दाखवा, असा त्यांनी आग्रह केला.

वहिनी पाण्यातून बाहेर आल्या. अंग झटकलं. जे शिंतोडे उडाले तेही स्वच्छच होते.

"दाखवीन की," त्या म्हणाल्या. "पण एकेकीनेच यायचं, पातेलं लहान आहे. आणि येताना जरा धुऊन-पुसून या."

कावरीने काकूंना बाजूला घेतलं. तिने कसंबसं सांगितलं की ही वाघीण आहे.

"पट्टे बघून ओरडायचं नाही, असं ठरलंय ना आपलं?"

कावरी म्हणाली की पट्टे बघून नाही, तिने खात्री केली आहे. रंग जात नाही.

काकूंचे काटे हळूहळू उभे राहिले. "रंग जात नाही म्हणून ती वाघीण? मग आमचा जातो, तर आम्ही कोण गं?"

खरं उत्तर कावरीला येत होतं, पण ते अध्यक्षांना देण्यासारखं नव्हतं.

"शिकलेली आहेस," काकू जरा नरमाईने म्हणाल्या. "दुसरीचं चांगलं झालेलं बघायला शिक."

क्लास सुरू झाला. पहिला मान रानडुकरीण मावशींना मिळाला, कारण वहिनींनीच सुचवलं होतं की अंगाने भरलेल्या असतील त्यांना आधी पाठवा, कापड मोठं लागतं, ते आधी उरकलेलं बरं. मावशी धुऊन-पुसून गेल्या. संध्याकाळी आल्या नाहीत. मंडळ म्हणालं, पक्का रंग मुरायला वेळ लागणारच. दुसऱ्या दिवशी घळीच्या तोंडाशी करवंदीच्या जाळीवर मावशींची झूल लटकलेली दिसली, नकाशासकट. कावरी ओरडली. काकूंनी तिला शांत केलं आणि सगळ्यांना समजावून सांगितलं, की बघा, जुनी टाकून दिली, म्हणजे नवी मिळाली. मग मावशी कुठे आहेत, असं कावरीने विचारलं. काकू म्हणाल्या, एवढी नवी झूल अंगावर आल्यावर कोण घरी बसेल? माहेरी दाखवायला गेल्या असतील.

मग सशीणबाई गेल्या. मग आणखी कोणी कोणी. करवंदीवर झुली वाढत गेल्या. क्लास इतका गाजला की नंबर लागेना. वहिनींची तब्येत सुधारली, अंगावर तकाकी आली. शिकवण्याचं समाधान, असं काकू म्हणाल्या. मंडळाने त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. वहिनी लाजल्या. म्हणाल्या, सत्कार कसला त्यात, मलाच तुमच्यामुळे घरबसल्या सगळं मिळतंय.

काकूंनाही क्लासला जायचं होतं. त्यांना मात्र वहिनींनी हात जोडून सांगितलं, की काकू, तुमच्या काट्यांपुढे आमचं काही चालायचं नाही, तुम्ही आपल्या बाकीच्यांना पाठवत राहा. म्हणून काकू राहिल्या आणि अध्यक्षपद चालू राहिलं.

कावरी रोज ओरडत होती. तिचा घसा बसला. आता तिच्याविरुद्ध तक्रारही आली. तिला नंबर मिळाला नाही म्हणून ती क्लासची बदनामी करते, असं त्यात म्हटलं होतं.

आणि मग अबोलीचा नंबर लागला.

पलीकडच्या डोंगरावरच्यांनी पुन्हा येतो म्हणून निरोप पाठवला होता. मुलाची आई म्हणे झूल धुऊन धुऊन दमली होती, पण मुलाने हट्ट धरला होता. अबोलीला या वेळी कोणाच्याही शेजारी निर्धास्त बसायचं होतं. कावरीने तिला सगळं सांगितलं. गाठ नाही, शिवण नाही, शेपटीपर्यंत पट्टे, गेलेली एकही परत आलेली नाही.

"ताई, तुला वाऱ्याचीही भीती वाटते," अबोली म्हणाली.

"वाटते."

"मागे तू पळसाच्या फुलाला बघून ओरडली होतीस."

"ते लाल होतं."

अबोलीला हसू आलं. तिने कावरीच्या मानेवर मान घासली. मग म्हणाली, "माझ्याजवळ बसून उठल्यावर लोक स्वतःचे कपडे तपासतात, ताई. ते तुला दिसतं का?"

कावरीला ते दिसत होतं. तिने शेवटचा उपाय म्हणून विनवलं, की निदान माझी एक पद्धत करून बघ. आपण खळ काढू, गरम पाण्यात दोनदा धुऊ, मग रंगवू. झूल लुळी पडेल, पण रंग राहील. अबोली बरं म्हणाली. दोघींनी मिळून पळसाची फुलं भिजत घातली. कावरीला वाटलं, झालं. ती त्या दिवशी पाचोळा वाजला तरी दचकली नाही.

सकाळी ती उठली तेव्हा फुलं भिजलेली होती आणि अबोली नव्हती. तिची झूलही नव्हती. अंथरुणाशी रिठ्याची टरफलं पडली होती. धुऊन-पुसून गेली होती.

कावरी पळत सुटली. ओढ्यावर काकू बसल्या होत्या. चला माझ्याबरोबर, सगळ्या मिळून चला, कावरी म्हणाली. काकूंनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल. क्लास चाललाय."

बाकीच्यांनी मान वळवली नाही. पाणी मात्र त्या दिवशीही स्वच्छ होतं. रंगवायला आणि धुवायला आता फारशा कोणी उरल्याच नव्हत्या.

कावरी एकटी घळीच्या तोंडाशी आली. करवंदीवर झुली वाळत होत्या. नकाशाची होती, खारीच्या पट्ट्यांची होती, आणि सगळ्यांत वरची अबोलीची होती. ती ताठ होती. खळ अजून तशीच होती.

कावरीचे पाय थिजले. वारा पडला होता. एकही पान हलत नव्हतं. मागे फिरावं असं तिच्या पुस्तकात लिहिलेलं होतं, पण ते जंगलाच्या राखणीचं पुस्तक होतं, त्यात बहिणीचं काही नव्हतं. ती 'भॉक' म्हणाली नाही. तिने बसक्या घशाने हाक मारली.

"अबोली."

आतून काही आलं नाही.

"अबोली, अगं ओ दे."

घळीत कोणीतरी कूस बदलली. मग तिच्या हाकेला ओ आली.

"ओ," आवाज म्हणाला. जाड होता, झोपाळलेला होता, पोट भरल्यासारखा होता. "काही नाही गं. पान आहे."

आणि सवयीने कावरीचे कान खाली आले.

तात्पर्य: बाळांनो, जिचा रंग पहिल्याच धुण्यात जातो तिच्याच शेजारी बसावं. आपले कपडे खराब होतात, पण संध्याकाळी घरी परत येता येतं. अस्सल मंडळींना लांबूनच नमस्कार करावा, आणि कृती तर मुळीच विचारू नये.